उताऱ्यांच्या वह्या

माझ्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात, ठेवणीतल्या साड्यांच्या बाजूला वह्यांचा एक गठ्ठा आहे आणि त्यात माझं स्वतःचं एकही वाक्य नाहीये. साध्या दोनशे पानी वह्या, जूनमध्ये मुलाच्या शाळेच्या वह्या घेताना सोबत घेतलेल्या, आणि आत नुसते उतारे. दुसऱ्यांनी लिहिलेले, मी हाताने उतरवून घेतलेले. कुठे अर्धंच पान, कुठे तीन-चार पानं, वर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पान नंबर, बस. मी लिहिते, म्हणजे हौस म्हणून लिहिते, नोकरी अकाउंट्सची आहे, नवी मुंबईत महापेला. लिहायचं काही शिक्षण घेतलेलं नाही, कुठल्या कार्यशाळेला गेले नाही. जे काही थोडंफार लिहिता येतं ते या वह्यांनी शिकवलंय असं मला अगदी मनापासून वाटतं आणि म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहायचंय.

सुरुवात गरजेतून झाली. लायब्ररीचं पुस्तक परत द्यावं लागतं. आमच्याकडे विकत घेतलेली पुस्तकं म्हणजे शाळेची, आणि एक पंचांग. बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीत, एका कंपनीत लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर, टर्नर होते, आम्ही किसननगरला राहायचो, दोन खोल्या. बाबांची सुट्टी शुक्रवारी असायची, वागळेची सुट्टी शुक्रवारचीच, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी मी शाळेतून आले की आम्ही दोघं स्टेशनकडे लायब्ररीत जायचो. ते स्वतः पेपरशिवाय काही वाचायचे नाहीत. मला पुस्तकं निवडायला सोडायचे आणि बाहेर उभे राहायचे, कधी घाई केली नाही. पुस्तक आवडलं की परत द्यायचं माझ्या जिवावर यायचं. तेव्हा बाबाच म्हणाले, "मग आवडलेलं लिहून घे की, पुस्तक त्यांचं, अक्षर तुझं." एवढंच. त्यांनी काही फार विचार करून सांगितलं असेल असं नाही, कारखान्यात ते ड्रॉइंगवरची मापं डायरीत उतरवून घ्यायचे, त्यांना तेच माहिती.

त्या लायब्ररीबद्दल थोडं सांगायलाच हवं. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे. म्हणजे मुंबईतलं निघालं १८९८ ला, त्याच्याही आधीचं. ते सुरू करणाऱ्यांमध्ये विनायक लक्ष्मण भावे होते, तेव्हा वय जेमतेम एकवीस-बावीस. हा माणूस सायन्सचा पदवीधर, धंदा मिठाचा, कुठल्या कॉलेजात मराठी शिकवत नव्हता की साहित्यावर पोट अवलंबून नव्हतं, आणि त्याने गावोगावच्या जुन्या कवींच्या पोथ्या जमवल्या, वाचल्या, छापल्या आणि 'महाराष्ट्र सारस्वत' नावाचा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहून ठेवला. मला हे कळलं तेव्हा मी बरीच मोठी झाले होते, नोकरीला लागले होते, आणि खूप भरून आलं होतं. कारण हौशी हा शब्द लोक जरा हलका वापरतात, हौशी म्हणजे वेळ जात नाही म्हणून करणारा. आणि माझ्या गावात, मी लहानपणापासून ज्या दारातून आत-बाहेर करतेय ते दार एका मीठवाल्या हौशी माणसामुळे उघडं आहे. दिवसभर हिशोब, आवक-जावक, आणि मग रात्री पोथी उघडून बसणं. ही दिनचर्या मला परकी वाटतच नाही.

आणि पोथ्या म्हटलं की आल्याच उतरवून घेणाऱ्यांच्या पिढ्या. छापखाने आपल्याकडे येईपर्यंत मराठीतलं सगळं हाताने उतरूनच पुढे आलंय ना. ज्ञानेश्वरी सांगितली ज्ञानेश्वरांनी, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी, शके १२१२, म्हणजे १२९० साली, आणि शेवटच्या ओवीत त्यांचं नाव आहे. पुढे उतरवणाऱ्यांनी उतरवताना चुका केल्या, काहींनी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या, आणि जवळपास तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, एकनाथांना बसून सगळ्या प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत करावी लागली. तुकोबांचे अभंग लिहून घेणारे म्हणून संताजी जगनाड्यांचं नाव घेतात, ते चाकणचे तेली. परत तेच बघा, घाणा सांभाळून लिहिणारा माणूस. या लोकांनी काय वाचलं असेल! म्हणजे आपण एक पुस्तक चार दिवसांत संपवतो आणि वाचलं म्हणतो, आणि हे लोक एकेक अक्षर हातातून नेत होते, त्यांना ते किती आत गेलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

दासबोधात तर लिहिण्याच्या क्रियेवर अख्खा एक समास, म्हणजे प्रकरण आहे, एकोणिसाव्या दशकातला (दशक म्हणजे त्या ग्रंथाचा भाग) पहिलाच. त्यात रामदास अध्यात्म बाजूला ठेवून चक्क कागद, शाई, टाक, अक्षराचं वळण यावर बोलतात. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडा आणि मधे लिहा, का, तर पुढे कागद कडेने झडला तरी झडू दे, अक्षर जायला नको. आणि दुसरी गोष्ट, तरुणपणी फार बारीक अक्षर काढाल तर ते म्हातारपणी कामाला येणार नाही, म्हणून मध्यम लिहा. मला हा सल्ला इतका आवडला, इतका घरातल्या मोठ्या माणसाचा वाटला, की ते वाचल्यापासून मी वहीत दोन्हीकडून समास सोडते आणि अक्षर मोठं काढते. कॉलेजातल्या माझ्या वह्या मुंगीच्या अक्षरात आहेत, आज चष्मा लावूनही लागत नाहीत नीट.

आता प्रत्यक्ष उतरवताना काय होतं ते. एक उदाहरण सांगते. एका बाईच्या जुन्या आत्मचरित्रात घरातल्या मृत्यूचा प्रसंग आहे. मी तो पहिल्यांदा ट्रेनमध्ये वाचला, डोळे भरले, पान उलटलं, पुढे गेले. मग रात्री जेवणाचं टेबल पुसून तोच उतारा लिहायला घेतला. पाच-सहा ओळी झाल्या आणि माझ्या लक्षात आलं की मी दुःख हा शब्दच लिहिलेला नाही अजून. पूर्ण दीड पान उतरवलं, शेवटपर्यंत नाही. कोण कुठून आलं, कोणी चूल विझवली, लेकरांना शेजारी कोणी नेलं, दाराशी चपला किती झाल्या. सगळी क्रियापदं. वाक्यं तीन शब्दांची, चार शब्दांची, आणि मधेच एक वाक्य चांगलं पाच ओळींचं, ज्यात त्या बाईला त्या माणसाची एक जुनी, अगदी साधी सवय आठवते, आणि मग परत तीन शब्दांचं वाक्य. डोळ्यांनी वाचताना मला ते लांब वाक्य दिसलंही नव्हतं. हाताला ते जाणवलं कारण हात दुखायला लागला! पूर्णविराम कधी येतो याची हात वाट बघत होता, आणि त्या बाईने तो लांबवला होता कारण तिला त्या आठवणीतून बाहेर यायचंच नव्हतं. हे मला कुठल्याही पुस्तकाने समजावून सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते.

वाचताना आपल्याला लेखकाने काय लिहिलं ते कळतं. उतरवताना त्याने काय लिहायचं टाळलं ते कळायला लागतं, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपलं मन पुढचं वाक्य आधीच बनवून ठेवतं आणि समोर वेगळंच असतं. मी "तिला फार वाईट वाटलं" लिहायला पेन टेकवलेलं असतं आणि पुस्तकात असतं "तिने कढई घासायला घेतली." दरवेळी. हा जो छोटा धक्का आहे ना, तो म्हणजे शिकवणी.

जुनी पुस्तकं असली की आणखी एक मजा. १९६२ ला शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधीच्या छपाईत अनुस्वारांचा पाऊस असतो. कांहीं, नाहीं, तें, माझें. मी ते सगळे टिंबांसकट उतरवते, एकही सोडत नाही. आधी ते नुसतंच जसंच्या तसं ठेवायचं म्हणून. त्याचा खरा उपयोग आईंमुळे कळला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गुहागरकडच्या, लग्न होऊन ठाण्यात आल्या, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नाही. ऑपरेशन झालंय दोन्ही डोळ्यांचं पण पुस्तक फार वेळ धरवत नाही. म्हणून रात्री जेवणं झाली की मी त्यांना वाचून दाखवते. आम्ही वर्तकनगरला राहतो, खाली रिक्षांचे हॉर्न, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाची तरी सिरीयल जोरात, आणि आमचं आपलं वाचन चाललेलं. एकदा मी वहीतला जुना उतारा वाचत होते, आपली नेहमीसारखी, टिंबं न उच्चारता, तर आई म्हणाल्या, "अगं असं नाही ते, नाकात म्हण. आमची आजी अशीच बोलायची." आणि त्यांनी तो परिच्छेद मला म्हणून दाखवला, मी एकेक वाक्य सांगायचं आणि त्यांनी म्हणायचं. ती टिंबं म्हणजे नुसती छपाईची सवय नव्हती, तो कोणाचा तरी खरा आवाज होता, कोकणातल्या घरांमध्ये अजून कुठेकुठे ऐकू येणारा. त्या रात्री त्या त्यांच्या आजीबद्दल बराच वेळ बोलत बसल्या. ते सगळं मी दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये फोनवर टिपून ठेवलं, त्यावर कधीतरी लिहायचंय.

माझं स्वतःचं लिहिलेलंही मी आधी आईंनाच वाचून दाखवते. त्यांचा एक प्रश्न ठरलेला आहे. "हे तू असं बोलशील का गं?" दुसरा म्हणजे, "एवढ्या लांब वाक्यात मी श्वास कुठे घेऊ?" खरंतर श्वास मी घेत असते, वाचणारी मी, पण त्या ऐकतानाही श्वास घेतात असं त्यांचं म्हणणं आणि ते खरं आहे. शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं पोरांकडून प्रकट वाचन करून घेतलंय, कुठे अडखळलं की वाक्यात खोट आहे की पोराच्या तयारीत, हे त्यांना लगेच कळायचं. माझ्या बाबतीत त्या म्हणतात, "तू अडखळलीस म्हणजे तुलाच ते पटलेलं नाही." मी अशी वाक्यं पेन्सिलने गोल करून ठेवते. आणि जवळजवळ नेहमी तिथे मी काहीतरी झाकलेलं असतं, किंवा कुठल्या तरी वाचलेल्या वाक्याचा दिमाख अंगावर घेतलेला असतो.

हा दिमाखाचा विषय निघाला म्हणून. उतारे काढले की आपल्या लिहिण्यावर त्या लेखकाची छाप पडते असं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय, आमच्या इथला वाचनाचा एक छोटा ग्रुप आहे, तिथेही हा वाद होतो. छाप पडते. का नाही पडणार? पण माझा अनुभव असा की डोळ्यांनी भराभर वाचलेल्या लेखकाची जी छाप पडते ती वरवरची असते, त्याचे आवडते शब्द तेवढे आपण उचलतो. हाताने उतरवलं की शब्दांच्या मागचं काम दिसतं, त्याने हे इथे का थांबवलं ते दिसतं, आणि मग आपल्याला आपलं कुठे थांबवायचं हे सुचायला लागतं, ते त्याच्यापेक्षा वेगळं असतं कारण आपला विषय वेगळा असतो. गाणं शिकणारी मुलं गुरूची तान आधी तशीच्या तशी घोटतात, कोणी त्यांना म्हणत नाही की तुझा आवाज जाईल. लिहिणाऱ्यालाच का ही भीती घालतात?

दुसरा एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो, रोज पाचशे शब्द लिहा, काय वाट्टेल ते लिहा पण लिहा. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. माझ्यासारखीला, जिची सकाळ डब्यात जाते आणि मार्चएंड आला की रात्रीही ऑफिसच्या असतात, तिला हे पाचशे शब्द म्हणजे अजून एक एन्ट्री पूर्ण करणं होतं. थकलेल्या डोक्याने लिहिलेलं सगळं एकसारखं दिसतं. पण थकलेल्या हाताने सुद्धा एक चांगला परिच्छेद उतरवता येतो! त्याला नवीन काही सुचावं लागत नाही, फक्त लक्ष द्यावं लागतं, आणि अर्ध्या तासाने डोकं स्वच्छ होतं ते मी कित्येकदा अनुभवलंय. म्हणून माझा हिशोब असा आहे की लिहिण्यासाठी जो काही वेळ मिळतो त्यातला निम्मा उतरवण्यात गेला तरी तो गेला असं धरायचं नाही. मार्चमध्ये तर सगळाच.

वाचन मात्र ट्रेनमध्ये. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून वाशी-पनवेलच्या गाड्या सुटतात, इथूनच सुटतात म्हणून जरा लवकर गेलं की लेडीजमध्ये खिडकी नाही तरी सीट मिळते. मला घणसोलीला उतरायचं असतं. पूर्वी ठाणे सुटलं की थेट ऐरोली यायची, मधे तेवढा एक सलग टप्पा होता, खाडी जाते, डोंगर येतो, आणि कोणी चढत-उतरत नाही, त्या वेळात एक छोटं प्रकरण आरामात व्हायचं. २०२४ च्या जानेवारीत मधे दिघा गाव स्टेशन झालं. तिकडच्या लोकांची कितीतरी वर्षांची सोय झाली, त्यांचा ऐरोलीला जाण्याचा हेलपाटा वाचला, आणि माझ्या प्रकरणाचे दोन भाग झाले. आता मी त्या टप्प्यात वाचायला कविता घेते, किंवा पत्रं. ट्रेनमध्ये मी लिहीत नाही, फार तर फोनवर दोन शब्द टिपते. आजूबाजूला इतकं काही चाललेलं असतं, कोणाची सोललेली मटार पिशवीत पडत असते, कोणी पिना-क्लिपा बघतंय, कोणी डोळे मिटून पुटपुटत स्तोत्र म्हणतंय, ते बघणं सोडून स्वतःच्या वाक्यात डोकं घालावंसं वाटत नाही. पुस्तकात जे आवडलं तिथे तिकिटाचा कागद घालून ठेवते. लायब्ररीच्या पुस्तकाचं पान दुमडायचं नाही हे बाबांचं. रात्री ते कागद उघडून बघायचे. दिवसभर टिकलेलं तेवढं उतरवायचं, बाकीचे कागद काढून टाकायचे. सकाळी जबरदस्त वाटलेलं एखादं वाक्य रात्री साधंच वाटतं, आणि ज्याच्यावरून सहज नजर गेली होती तेच दिवसभर डोक्यात राहिलेलं असतं. ही गाळणी मला फार आवडते.

लायब्ररीच्या पुस्तकांचं अजून एक. माझ्याआधी वाचलेल्यांच्या खुणा. नियमात बसत नाही, पण लोक पेन्सिलीने रेघा मारतात. एका कथासंग्रहात कोणीतरी फक्त पावसाच्या वर्णनांखाली रेघा मारल्या होत्या, पूर्ण पुस्तकभर, दुसरं काही नाही. एका पुस्तकात एका संवादाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "अगदी असंच." कोणाचं काय अगदी असंच झालं असेल? मी तो संवाद दोन वेळा उतरवला. एरवी माझ्या लक्षात राहण्यासारखा नव्हता तो, पण कोणाच्या तरी आयुष्याला जाऊन लागला होता, तर तिथे काय आहे ते मला हाताने शोधायचं होतं. सापडलं असं वाटतं. त्यात दोघं बोलतात ते बोलण्याच्या विषयावर बोलतच नाहीत, चहात साखर किती यावर बोलत राहतात.

आता सध्या माझं जे चाललंय ते सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय. मला बाबांवर लिहायचंय. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी लिहायला बसले की माझ्याकडून तेच यायचं, कष्ट, प्रामाणिकपणा, घामाचे पैसे. हे शब्द खोटे नाहीत पण ते कोणाच्याही वडिलांना लावता येतात. आईंना वाचून दाखवलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "चांगलं आहे, पण हे व्याही नाहीत माझे, हा नुसता कामगार आहे." मग मी ते बाजूला ठेवलं आणि हातांची वर्णनं शोधायला लागले. पुस्तकांमध्ये लोक काम करणाऱ्या हातांबद्दल कसं लिहितात? कुंभार, शिंपी, न्हावी, स्वयंपाक करणाऱ्या बायका, जिथे मिळेल तिथून उतारे काढले, पूर्ण एक वही तीच आहे. आणि उतरवता उतरवता दिसलं की चांगलं लिहिणारे हातांचं वर्णन करतच नाहीत. हात काय करतायत तेवढं सांगतात, एका मागून एक, ज्या क्रमाने ते काम होतं त्याच क्रमाने, आणि हत्याराचं नाव त्या लोकांच्या तोंडचं असतं.

तर मला बाबांचं काम त्या क्रमाने माहितीच नव्हतं. वागळे इस्टेट म्हणजे राज्यातली एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची, आणि आमच्यासाठी ती म्हणजे सकाळचा भोंगा, पाळ्या सुटल्यावर रस्ताभर सायकली, आणि बाबांच्या शर्टाला येणारा तेलकट वास. त्यांच्या नखांच्या कडेला एक काळी रेघ असायची, लग्नाकार्याला जायच्या आधी ते कपड्याच्या साबणाने ब्रश घेऊन घासायचे तरी ती जायची नाही. कधी कधी खिशातून लोखंडाचा गुंडाळलेला कीस निघायचा, स्प्रिंगसारखा, निळसर झाक असलेला, आणि तो मी कंपासमध्ये ठेवायचे. तो निळा का असतो हे तेव्हा विचारलं नाही. आता कळलं की कापताना धातू तापतो, त्या उष्णतेने वर पातळ थर धरतो आणि त्याचा तो रंग. म्हणजे त्या रंगावरून कसबी माणसाला कट किती जोरात चाललाय याचा अंदाज येत असणार. हे बाबांच्या रोजच्या जगण्यातलं ज्ञान होतं, आणि आमच्या घरात ते माझ्या कंपासपेटीपर्यंत येऊन थांबलं.

बाबांची कंपनी पुढे बंद पडली, तशा त्या भागातल्या अनेक पडल्या, आता तिथे काचेच्या बिल्डिंगा आणि ऑफिसं आहेत. मी तिथून बसने जाते तेव्हा गेट कुठे होतं ते ओळखता येत नाही. पण बाबांबरोबर काम केलेले एक काका आहेत, कळव्याला मुलाकडे राहतात, त्यांना फोन केला. सांगितलं, बाबांवर लिहितेय, तुम्ही मला काम सांगाल का. त्यांना आधी वाटलं मला आठवणी हव्यात, ते म्हणाले, "तुझा बाप देवमाणूस होता गं." मी म्हटलं, "काका, ते माहितीये, मला सांगा सकाळी मशीनवर उभं राहिलं की पहिल्यांदा काय करायचे?" आणि मग जे सुरू झालं! पाळी बदलताना आधीच्या माणसाने मशीन पुसून दिलंय का ते बघायचं, चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब म्हणजे कापायचा तुकडा बांधायचा, हाताने फिरवून बघायचा डुगडुगतोय का, टूलची, म्हणजे कापणाऱ्या हत्याराची, धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची, पहिला कट अगदी हलका, मग माप घ्यायला व्हर्नियर लावायचा. "नखावर?" मी विचारलं. "हो मग, धार असली की नखाला धरते, नसली की घसरते. तुझ्या बाबाच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर बघितलं नाहीस का चरे असायचे?"

मी बघितले होते. ती काळी रेघ आठवत होती आणि ते चरे मी विसरून गेले होते, काकांनी म्हटल्याबरोबर डोळ्यांसमोर आले. फोन ठेवल्यावर मी काकांचं बोलणं जसंच्या तसं वहीत लिहून काढलं, वर पुस्तकाच्या नावाच्या जागी त्यांचं नाव आणि तारीख. इतर उताऱ्यांसारखाच तोही उतारा. माझ्यासाठी आता यात फरक राहिलेला नाही. चांगलं बोललेलं आणि चांगलं लिहिलेलं, दोन्ही सारख्याच काळजीने उतरवायचं, आपल्या पदरच्या ओव्या न घालता.

त्यानंतर लेखाचं पहिलं पान झालं. त्यात कष्ट हा शब्द नाही. आईंना वाचून दाखवलं, त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही, शेवटी म्हणाल्या, "नखाचं परत वाच." परत वाचलं. मग म्हणाल्या, "लग्नाच्या बोलणीला आले होते तेव्हा ते हात सारखे मांडीखाली धरून बसले होते, आता कळलं." हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. तेही वहीत गेलं.

ग्रुपमधले म्हणतायत की हा लेख दिवाळी अंकाला पाठव. दिवाळी अंक ही आपल्याकडची मोठीच सोय आहे आमच्यासारख्यांसाठी, १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या मासिक मनोरंजनने पहिला काढला तेव्हापासून चालू आहे, आणि आजही शेकडो अंक निघतात ज्यात नावाजलेल्यांच्या शेजारी अगदी नवख्या माणसाचं लिखाण छापून येतं. मी स्वतः लायब्ररीची दिवाळी अंकांची वर्गणी दरवर्षी भरते, फेब्रुवारीपर्यंत ते अंक पुरतात, आणि त्यात सगळ्यात आधी अनोळखी नावं वाचते. माझ्या वह्यांमध्ये अशा अनोळखी लोकांचे पुष्कळ उतारे आहेत. एका बँकेतल्या गृहस्थांनी गावच्या विहिरीच्या गाळ उपसण्यावर लिहिलेलं आहे, ते मी अख्खं उतरवलंय. त्यांचं पुढे काही वाचायला मिळालं नाही. त्यांना कळायचंही कारण नाही की ठाण्यात कोणीतरी ते हाताने लिहून ठेवलंय, मोठ्या अक्षरात, दोन्हीकडे समास सोडून.

तर पाठवायचं का. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यात सुरू होते, लेख जुलैच्या आसपास हातात पडला तर बरं असं असतं, आणि माझ्या लेखात अजून रात्रपाळी यायची आहे. रात्रपाळीचं मला एवढंच माहितीये की बाबा सकाळी यायचे, आम्ही शाळेत जायच्या गडबडीत असायचो, आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पण तिथे, रात्री दोन वाजता, मशीनवर काय होतं? उजेड कसा पडायचा जॉबवर, डबा कधी खायचे, झोप आली तर काय करायचे, एकमेकांशी बोलायचे का, इतक्या आवाजात ऐकू यायचं का? काकांनी रविवारी घरी बोलावलंय. आईही येते म्हणाल्यात, त्यांना काकांकडून बोलणीच्या दिवसाचं काही कळतंय का ते बघायचंय. अंकाची तारीख गेली तर जाऊ दे, पुढच्या वर्षीही दिवाळी आहेच. नवी वही मात्र आजच घेऊन आले, जुनीत चारच पानं उरली होती आणि काका एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत.